उपाशी गेलात, मामंजी

मामंजी,

तुमच्या तेराव्याला लोक पोटभर जेवले. कोर्टातली जुनी मंडळी आली होती, गल्लीतली झाडून सगळी होती, पेठ वडगावहून माझे भाऊ-भावजया आल्या होत्या. बुंदीचं ताट घेऊन मी वाढत होते. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "वाढ की बाई आणखी. शिरस्तेदारांना माणसाला खायला घालायची लई हौस." ताट तिथंच खाली ठेवून मी मागच्या दारी गेले आणि न्हाणीच्या भिंतीला धरून उभी राहिले.

तुम्ही उपाशी गेलात. शेवटी शेवटी चमच्यानं घातलेलं पाणीसुद्धा ओठांच्या कडेनं परत यायचं. मी ते पदरानं टिपायची, तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. मला दिसू नये म्हणून. मला दिसत होतं. त्या पंगतीतल्या कुणाला हे सांगू? म्हणून तुम्हालाच सांगते. मनातलं दुसऱ्या कुणाला सांगायची सवय तुम्ही मला कधी लागू दिली नाही.

तुमचा मुलगा गेला तेव्हा मला या घरात येऊन जेमतेम एक दिवाळी झाली होती. विषमज्वर झाला आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं संपलं. नवऱ्याची नीट ओळखही झाली नव्हती मला. त्याला शेंगदाण्याची चटणी आवडते आणि झोपेत तो दात खातो, एवढंच कळलं होतं. पुढं मी माजघरात जी बसले ती बसलेच. पाण्यापुरती आडावर जायची आणि परत आत. बाहेर कुठला ऋतू चाललाय हेसुद्धा मला वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळायचं.

मग एका संध्याकाळी कोर्टातून आल्यावर तुम्ही सोप्यातूनच हाक मारलीत, "पोरी, लुगडं बदल. फिराय जायचंय."

सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायची. त्या चुलीपासून उठून आल्या. "कुणाला सांगतायसा? तिला? सासऱ्याबरोबर विधवा सून फिरतीया म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणणं मी इतकी वर्सं कोर्टात लिहून घेतलंय," तुम्ही म्हणालात. "आता बास झालं."

आत्याबाई आत गेल्या. भांडं आपटल्याचा आवाज झाला. मी तुमच्यामागून उंबरा ओलांडला.

टाऊन हॉलच्या बागेत आपण बाकावर बसलो. तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये तुमची काठी. समोर कर्दळीचा ताटवा फुलला होता, लालभडक. इतका लाल रंग पुष्कळ दिवसांत माझ्या डोळ्यांना लागला नव्हता. मी खाली मान घातली. तुम्ही म्हणालात, "बघ की. बघाय काय कुणाची परवानगी लागतीया?"

परतताना भवानी मंडपाच्या अलीकडच्या हॉटेलात तुम्ही सरळ आत शिरलात. अजून संस्थान होतं, बायका हॉटेलात उघड्यावर बसत नव्हत्या. मी दारातच थांबले. गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहिला. "या, शिरस्तेदार. बाईमानूस संगं हाय, आत फॅमिली रूममधी बसा की. पडदा हाय."

"कशापायी?" कोर्टाच्या छताला लागणारा तुमचा तो आवाज! "सून हाय माझी. पळवून आणलेली न्हाय. हितंच बसणार, पंख्याखाली."

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. तुम्ही मिसळ मागवलीत. तांबडालाल कट, वर शेव. मी पहिला घास घेतला आणि तो घशाशीच पेटला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी पदर वर केला तर तुम्ही माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणालात (तुम्हाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं), "पुसू नगंस. रड. हितं कोन इचारत न्हाय. तिखाट हाय म्हणतील."

आणि मी रडले, मामंजी. नवरा गेल्यावर घरभर बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते सगळं त्या हॉटेलात, परक्या पुरुषांच्या गर्दीत, एका मिसळीवर बाहेर आलं. किती वेळानं मी वर पाहिलं, तर तुमच्या मिशाही ओल्या होत्या. तुम्ही नाक ओढलंत आणि ओरडलात, "अरं, आणखी कट आण की! ह्यो काय कट म्हणायचा?"

तेव्हापासून दर शनिवारी आपण बाहेर पडायला लागलो. कधी टाऊन हॉलची बाग, कधी रंकाळ्याचा काठ. मग एखादं हॉटेल. भजी कुठली, मिसळ कुठली, चहा कुणाचा, याबद्दल तुमची मतं ठाम असायची आणि ती तुम्ही त्या त्या मालकाच्या तोंडावर सांगायचात. बागेतल्या त्याच बाकावर तुम्ही माझ्याकडून भूगोल आणि अंकगणित घोटून घेतलंत, मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलंत, शाळेत चिकटवलंत. घरी परतल्यावर आत्याबाई मला अंगावर पाणी घेतल्याशिवाय चुलीला हात लावू द्यायच्या नाहीत. मी निमूट पाणी घ्यायची. थंडीत दात वाजायचे, पण पोटात बाहेरचा गरम चहा असायचा.

गल्लीत कुणीतरी घाण बोललं होतं. सासरा आणि तरणी सून, मग काय बोलतात ते बोलले. मला ते आडावर कळलं आणि त्या शनिवारी मी येत नाही म्हणाले. तुम्ही कारण काढून घेतलंत. मग गल्लीच्या मध्यावर उभं राहून दोन्ही बाजूंच्या दारांना ऐकू जाईल असं ओरडलात, "ज्याला बोलायचं हाय त्यानं म्होरं या! आमी रंकाळ्याला निघालोय. संगंच चला, वाटंनं बोलू!" एकही दार उघडलं नाही. आपण निघालो. मी तुमच्या दोन पावलं मागं, आणि जन्मात पहिल्यांदा मान ताठ.

याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "गप, चहा गार व्हायलाय."

पण भांडण होतंच आपलं. ते शिरोळच्या मास्तरांवरून सुरू झालं आणि अजून मिटलेलं नाही.

त्या शनिवारी हॉटेलात आपल्या टेबलाशी तिसरी खुर्ची होती आणि तिच्यावर एक गृहस्थ बसले होते. गुडघ्यांवर छत्री आडवी धरलेली, मान खाली. तुम्ही म्हणालात, "हे पावणं शिरोळचं. शाळंत मास्तर हायत. बायको वारली, पोरबाळ न्हाय. थोडा ऊस हाय नदीकडला. बोला तुमी दोघं. मी जरा पान खाऊन येतो."

तुम्ही उठायच्या आत मीच उठले. महाद्वार रोडनं एकटी घरी आले, इतक्या भराभर की चपलेचा अंगठा तुटला. पुढचे दोन शनिवार मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या शनिवारी तुम्ही सोप्यात चपला घालून नुसते उभे राहिलात, हाक न मारता. मी आले.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसल्यावर तुम्ही म्हणालात, "मानूस वाईट न्हाय."

"मी कुठं वाईट म्हटलं?"

"मग? मी गेल्यावर तुझं काय?"

"तुम्ही कुठं निघालाय?"

"तसं न्हवं. उद्या मेलो बिलो तर?"

"मरू नका मग."

"बरं," तुम्ही म्हणालात. "तसा अर्ज टाकतो वर."

दोघंही हसलो. पण तुम्ही तो विषय सोडला नाहीत. दर दोन-चार महिन्यांनी, चहा संपता संपता, "शिरोळचं काय?" आणि मी दर वेळी नवं कारण काढायची. आत्याबाईंना कोण आहे? शाळेतल्या पोरींचं काय? इतक्या वर्षांनी कुठं जाऊ? खरं कारण मी कधी सांगितलं नाही, कारण ते मोठ्यानं म्हणण्याजोगं नव्हतं. मला दुसरं घर नको होतं. तुमच्या दोन पावलं मागून बागेकडे चालत जाणं, तुमची तक्रार ऐकत भजी खाणं, हाच माझा संसार होता आणि तो मला पुरत होता. सासऱ्याला हे कोणत्या शब्दांत सांगतात?

एकदा तुम्ही चिडलात. "माझ्यापायी थांबलीस असं व्हायला नगं. त्ये वझं नगं माझ्या डोस्क्यावर." त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही कंटाळलात. सून एकदाची मार्गी लावून मोकळं व्हायचंय तुम्हाला. घरी येऊन मी अंगावर पाणी घेतलं ते बराच वेळ घेत राहिले. ओल्या चेहऱ्याला कुणी काही विचारत नाही.

मग ते भजं अडकलं.

तुम्ही घास गिळलात आणि थांबलात. हात छातीवर गेला. पाण्याचा ग्लास उचललात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "तेल जुनं हाय ह्याचं." मी विश्वास ठेवला. मग भाकरी अडकायला लागली. मग चपाती. मग भात. तुम्ही अर्ध्या ताटावरून उठायला लागलात आणि दर वेळी दोष स्वयंपाकाचा. आत्याबाईंना एकदा रडू फुटलं, "इतकी वर्सं करतीया, आताच कसं बिघडलं?"

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. अन्ननळीत गाठ आहे, फार पुढं गेली आहे. परत येताना गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत विचारलंत, "काय म्हनला?"

"मऊ खायला सांगितलंय."

तुम्ही खिडकीतून मान आत घेतलीत. मग म्हणालात, "मग चल. मऊ हुडकू."

त्यानंतरचे महिने आठवले की माझा जीव घाबरा होतो. शाळा सुटली की मी धावत घरी यायची आणि आपण निघायचो. आता वाराला अर्थ राहिला नव्हता. मला वेडच लागलं होतं. या गावात कुठंतरी, कुठल्यातरी हॉटेलात, तुमच्या घशातून उतरेल असं काहीतरी असणारच, आणि ते सापडलं की तुम्ही जगणार, असं मी मनाशी धरून बसले होते. एका ठिकाणी शिरा दूध घालून पातळ करून मागितला. दुसरीकडे इडली चहात बुडवून कुस्करली. साबुदाण्याची खीर, ताक, कॉफी, आइस्क्रीम. एका उडप्याच्या हॉटेलात मालकानं स्वतः आत जाऊन खीर फडक्यातून गाळून आणली आणि तुम्ही जेवेपर्यंत टेबलाशेजारी उभा राहिला. तीही परत आली. त्यानं टेबल पुसलं.

लोक उठून दुसरीकडे बसायचे. मी त्यांना दोष देत नाही. तुम्ही खोकायला लागलात की कुणाच्याही घशाखाली घास उतरला नसता. एकदा शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं तोंड फिरवलं आणि आईच्या पदरात डोकं खुपसलं. तुम्ही ते पाहिलंत. उठलात. काठी टेकत आतल्या खोलीकडे गेलात, लाकडी बाकावर बसलात आणि मला म्हणालात, "पडदा सार, पोरी."

माझा हात उठेना. तुम्ही पुन्हा म्हणालात. मी पडदा ओढला आणि त्या कोंदट खोलीत तुमच्या समोर बसले. तेव्हा मला कळलं की तुम्ही वाचणार नाही. मिरजेत कळलं नव्हतं, ते तिथं कळलं.

मध्ये एकच चांगला आठवडा आला. कुणीतरी म्हणालं, धारोष्ण दूध देऊन बघा. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून बांधतात, पैलवान उभ्या उभ्या ग्लास रिचवतात, तिथं आपण गेलो. गवळ्यानं समोर धार काढली, फेसाळलेला ग्लास तुमच्या हातात दिला. तुम्ही घोट घेतलात. थांबलात. आणखी एक घेतलात. ग्लास रिकामा केलात. मिशीला पांढरा फेस, आणि बसलेल्या आवाजात ओरडायचा प्रयत्न, "उतरलं की गं!"

शेजारचा एक पैलवान हसला. "शिरस्तेदार, आता कुस्ती व्हनार!"

मी रस्त्यात उभी राहून हसत होते आणि रडत होते. देवीला काय काय कबूल केलं, आठवत नाही. आठवडाभर दूध उतरत होतं. मी वर्गात गाणी म्हणत होते. मग एका संध्याकाळी ते नाकावाटे परत आलं. तुम्ही भिंतीला धरून उभे राहिलात. ग्लास परत देताना गवळ्याला म्हणालात, "म्हशीची काय चूक न्हाय."

शेवटी टांगा करून टाऊन हॉलच्या बागेत नेलं तुम्हाला. घरात फोडणीचा वास आला की तुमचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून. बसवत नव्हतं तुम्हाला. बाकावर तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. भर बागेत, सगळ्यांसमोर. ते डोकं किती हलकं झालं होतं! माळी पाइप घेऊन आला होता, तो आपण बसलो होतो त्या बाजूला पाणी न घालता पुढं गेला.

तुम्ही काहीतरी पुटपुटलात. मी कान जवळ नेला.

"शिरोळ..."

"अजून तेच?" मी म्हणाले.

तुम्हाला हसू आलं आणि हसताना खोकला, खोकल्याबरोबर रक्त. मी पदरानं पुसलं. म्हटलं, "आधी बरे व्हा. मग भांडू." तुम्ही मान हलवलीत. ठरलं होतं आपलं. तुम्ही ते पाळलं नाहीत.

चार दिवसांनी सकाळी तुम्ही गेलात. आत्याबाईंनी पाणी घातलं. तुमचे डोळे माझ्याकडे होते की माझ्यामागच्या दाराकडे, हे मला अजून ठरवता येत नाही.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे, आणि रागानं विचारते. तेराव्यानंतर आत्याबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. भांडी घासायची पडली होती. म्हणाल्या, "खरं सांगू का? मला कधी इचारलंच न्हाय त्यांनी, येतीस का म्हणून. मी न्हायच म्हटलं असतं. पर इचारायचं तरी." सगळ्या गावाशी भांडून तुम्ही मला बागेत नेलंत. मग घरातली ही बाई दर शनिवारी एकटी बसायची, ती कशी नाही दिसली तुम्हाला? मलाही नाही दिसली. आता आम्ही दोघी एका घरात आहोत आणि एकमेकींशी काय बोलायचं ते आम्हाला ठाऊक नाही. दोघींनाही तुमच्याशीच बोलायची सवय.

परवा शिरोळचे मास्तर समाचाराला आले. सोप्यात बसले. केस पांढरे व्हायला लागलेत त्यांचे. गेल्या उन्हाळ्यात लग्न केलं म्हणाले. मी चहा ठेवला. चहा घेता घेता ते म्हणाले, "एक सांगायचं होतं. सांगावं का न सांगावं, कळंना."

"सांगा."

"दोन वर्सांमागं शिरस्तेदार शिरोळला आलते. घरी. म्हणाले, मास्तर, तुमी दुसरीकडं बघा आता. मी म्हटलं, बाई न्हाय म्हणाल्या का? तर म्हणाले, इचारतो की मी तिला. धर्म म्हणून दर खेपेला इचारतो. आन ती न्हाय म्हणाली की घरी जाऊन देवाला हात जोडतो. म्हणाले, ती व्हय म्हणाली असती तर मी कुणासंगं बसलो असतो?"

मास्तर उठले, छत्री घेतली, गेले. मी कप तसाच हातात धरून बसले होते. आत्याबाईंनी आतून विचारलं, "काय म्हणत होते पावणं?" मी म्हटलं, "काही नाही. पाऊसपाणी."

मामंजी, मी ओझं नव्हते. हे मला शिरोळच्या एका परक्या माणसाकडून कळलं, तुम्हाला जाळून आल्यावर. इतकी वर्षं मी कारणं शोधत राहिले आणि तुम्ही विचारत राहिलात. दोघांनाही एकच हवं होतं आणि दोघंही समोरासमोर बसून भलतंच बोलत होतो, चहा गार करत. तुम्ही एकदा म्हणाला असतात, तर मीही म्हणाले असते. मग कुणी कुणाला काही विचारायचं कारणच उरलं नसतं. मग त्या शेवटच्या दिवशी बागेत, रक्त येईतो हसण्याऐवजी, तुमचं डोकं धरून मी तुम्हाला सांगितलं असतं की मला कुठंही जायचं नव्हतं.

आता ते मी कुणाला सांगू? सकाळी उठते, शाळेत जाते, पोरींना पाढे म्हणायला लावते, परत येते. आत्याबाई ताट वाढतात. घास तोंडाजवळ नेला की माझा घसा आवळतो. डॉक्टरांनी तपासलं तर काही सापडणार नाही. पण घास उतरत नाही.

अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस तुम्ही. एवढं एक वाक्य माझ्याशी बोलायचं होतंत, मामंजी. आवाज होता तोवर.